खोट्या गुणांचे खरे मोल

पुण्यास विद्येचे माहेरघर म्हणण्याचा प्रघात जुना आहे, आणि पुणेकरांस तो प्रियही आहे. याच पुण्यात महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचे कार्यालय आहे. आणि याच पुण्यात २०२१ सालच्या डिसेंबर महिन्यात त्या परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांस शहराच्या सायबर पोलिसांनी अटक केली. ज्या परीक्षेच्या निकालात फेरफार केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला, ती परीक्षा कारकुनांची वा शिपायांची नव्हती. मुलांना शिकविण्यास कोण पात्र आहे हे ठरविणारी ती शिक्षक पात्रता परीक्षा होती. कुंपणाने शेत खाल्ल्याची उदाहरणे आपल्या सार्वजनिक जीवनात पुष्कळ आहेत; पण येथे जे शेत खाल्ले गेले ते बियाण्याचे होते.

प्रकरण उघडकीस आले तेही आडवाटेने. आरोग्य खात्याच्या आणि म्हाडाच्या नोकरभरतीतील प्रश्नपत्रिका फुटल्याचा तपास चालू असता पोलिसांचा हात या परीक्षेपर्यंत जाऊन पोहोचला. १९ जानेवारी २०२० रोजी झालेल्या या परीक्षेचे उमेदवार साडेतीन लाखांच्या आसपास होते, आणि उत्तीर्ण म्हणून जाहीर झालेले साडेसोळा हजारांच्या आसपास. मूळ उत्तरपत्रिकांतील गुण आणि जाहीर झालेले गुण ताडून पाहता असे दिसले की, ७,८०० हून अधिक उमेदवार पात्र नसता पात्र ठरविले गेले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये परिषदेने त्यांची संपादणूक रद्द केली आणि त्यांस पुढील पात्रता परीक्षांस बसण्याची कायमची बंदी केली. २०१८ च्या परीक्षेतही असाच प्रकार घडल्याच्या आरोपावरून एका माजी आयुक्तांसही अटक झाली. आरोपींपैकी दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. तो आमचा अधिकार नव्हे. यादीत ज्यांचे नाव चुकीने आले असेल त्यांस दाद मागण्याचा हक्कही आहेच. परंतु उत्तीर्णांच्या यादीतील जवळजवळ निम्मी नावे काढून टाकण्याची पाळी परिषदेवर यावी, ही एकच गोष्ट कोणत्याही विचारी माणसाची झोप उडविण्यास पुरेशी आहे.

हा विषय आज पुन्हा काढण्यास कारण आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयाने या परीक्षेचे महत्त्व पूर्वीपेक्षा कितीतरी वाढले. ज्यांच्या निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी उरला आहे अशा सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे जो उंबरठा पूर्वी नवख्याला ओलांडावा लागे, तो आता वीस वर्षे फळ्यापुढे उभे राहिलेल्या गुरुजींनाही ओलांडावयाचा आहे. परीक्षा जितकी अटळ तितका तिचा बाजार तेजीत, हा अनुभव जुना आहे. म्हणून बाजार पुन्हा भरण्यापूर्वीच त्यात काय विकले जाते आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा हिशेब मांडलेला बरा.

पहिली किंमत कोणी मोजली हे सर्वांस दिसते. ज्याने रात्री जागवून अभ्यास केला आणि १५० पैकी ९० गुणांची रेघ स्वतःच्या बळावर गाठली, त्या उमेदवाराच्या शेजारी विकत घेतलेले ९० गुण येऊन बसले. ज्याला दोन गुण कमी पडले तो घरी बसला आणि ज्याला तीस कमी पडले तो नोकरीवर रुजू झाला. हा अन्याय ढळढळीत आहे. पण याहून सूक्ष्म अन्याय नंतर झाला. प्रकरण बाहेर पडल्यावर २०१३ नंतर नेमलेल्या शिक्षकांची पात्रता प्रमाणपत्रे पडताळणीसाठी मागविण्यात आली. पडताळणी आवश्यकच होती. तिला आमचा आक्षेप नाही. परंतु स्वकष्टाने उत्तीर्ण झालेल्या एखाद्या खेड्यातील शिक्षिकेची त्या दिवसांत काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करून पाहावी. आपले खरे प्रमाणपत्र हातात घेऊन ते खोटे नाही असे सिद्ध करावयास ती रांगेत उभी राहिली. गावातील लोकांनी तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. खोटे नाणे बाजारात आले की दुकानदार प्रत्येक नाणे दगडावर आपटून पाहू लागतो. त्यात खऱ्या नाण्यालाही मार बसतो. असत्याचा दंड अशा रीतीने सर्वांत आधी सत्यवानाकडून वसूल होतो.

पण आमच्या मते सर्वांत मोठी किंमत याही हिशेबात येत नाही. ती मोजली जाते वर्गाच्या चार भिंतींत, आणि तिची पावती कोणत्याही दप्तरात सापडत नाही. या लेखणीकडे वळण्यापूर्वी काही वर्षे आम्हीही खडूची धूळ अंगावर घेतली आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, शिक्षकाच्या हातचे खरे साधन खडू नव्हे आणि छडी तर नव्हेच. चौथीतल्या मुलाने शेजारच्या पाटीवरून गणिताचे उत्तर उतरविले, तर त्याला जवळ बोलावून, बाळ, हे तू सोडविलेस का, असे विचारण्याचा जो अधिकार, तेच शिक्षकाचे खरे साधन होय. हा प्रश्न सर्वांना तोंडपाठ असतो. पण तो विचारताना विचारणाऱ्याची नजर स्थिर राहिली तरच मुलावर त्याचा परिणाम होतो. ज्याने स्वतःचे उत्तर विकत घेतले आहे, त्याच्या तोंडून हा प्रश्न कसा निघावा?

त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक, मुलाची लबाडी दिसूनही न दिसल्यासारखे करणे; कारण तिला नाव दिले की स्वतःच्या लबाडीलाही नाव द्यावे लागते. दुसरी, मुलावर प्रमाणाबाहेर संतापणे आणि आपल्या मनातल्या चोराला बसावयाची शिक्षा त्या अजाण जिवाच्या हातावर देणे. पहिल्या वाटेने गेलेला शिक्षक हळूहळू उदासीन होतो, दुसऱ्या वाटेने गेलेला कठोर होतो. आणि दोघांच्याही हातून मुलाला जे मिळावयाचे ते मिळत नाही. विषय कदाचित बरा शिकविला जाईल. खोटे गुण घेतलेला माणूस मूर्खच असतो असे नाही. पण खरे बोलण्याची हिंमत मूल मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावरून शिकते, आणि हा चेहरा झाकलेला असतो. यास आम्ही आत्मिक हानी म्हणतो. तिचा स्वर्ग-नरकाशी संबंध जोडण्याची गरज नाही. आपल्या कामाच्या अगदी गाभ्याशी असलेली गोष्ट आपणांस करता येऊ नये, आणि ती का करता येत नाही हे कोणासही सांगता येऊ नये, याहून मोठा एकांतवास कोणता?

महाभारतकारांस हे पुरते ठाऊक होते. द्रोणाचार्यांना फसविण्यासाठी धर्मराजाने अश्वत्थामा मेला असे मोठ्याने सांगितले, आणि मेला तो मनुष्य की हत्ती हे हलक्या आवाजात पुटपुटले. कथा सर्वांच्या तोंडची आहे. मात्र ते असत्य गुरूला सांगितले गेले, याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. त्या असत्याने युद्ध जिंकण्यास मदत झाली, हे व्यासांनी लपविले नाही. तत्काळ शिक्षा म्हणून एवढेच घडले की, जमिनीपासून चार बोटे वर चालणारा धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला. तो मोडला नाही, थांबलाही नाही. इतर सर्वांच्या रथांसारखा झाला. आजच्या व्यवहारी माणसाला ही शिक्षा वाटणारही नाही. चार बोटांनी काय बिघडते, असे तो विचारील. पण समाजात काही माणसांचे रथ चार बोटे वर चालावेत, अशी अपेक्षा ठेवूनच समाज उभा राहतो. न्यायाधीश, वैद्य आणि शिक्षक हे त्यांतले होत. त्यांचे रथ जमिनीला टेकले की मग पाहावयाचे कोणाकडे?

आणि हे केवळ शिक्षकांपुरते राहिलेले नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीच्या धडकेने एक तरुण आणि एक तरुणी असे दोन अभियंते प्राणास मुकले. त्यानंतर मोटार चालवीत असल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाचा रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांस अटक झाली. त्या खटल्यातही अंतिम शब्द न्यायालयाचाच. पण या दोन प्रकरणांतील आरोपांचे साम्य पाहावे. एकीकडे उत्तरपत्रिका एक सांगते आणि निकालपत्र दुसरे. दुसरीकडे रक्त एक सांगते आणि अहवाल दुसरे. आधुनिक समाज परस्परांच्या ओळखीवर चालत नाही. पुण्यासारख्या महानगरात वैद्याला रोगी ओळखत नाही आणि गुरुजींना पालक ओळखत नाहीत. आपण सारे एकमेकांच्या कागदांवर विश्वास टाकून जगतो. पुलाखालून जाताना अभियंत्याची सही, औषध घेताना प्रयोगशाळेची सही, मुलाला शाळेत सोडताना परीक्षा परिषदेची सही, या न पाहिलेल्या सह्यांच्या भरवशावर आपला दिवस पार पडतो. खेड्यात लबाडी करणाऱ्याला गाव ओळखत असे. शहरात लबाडीला शिक्का मिळाला की ती सत्याच्याच वेषात फिरते. म्हणून येथे तिचा उपद्रव दूरवर पोहोचतो.

आता वाचकांस थोडे कडू लागेल असे बोलणे प्राप्त आहे. पैसे मोजणारे ते हजारो उमेदवार आकाशातून पडलेले नव्हते. त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. अध्यापनाची पदविका घेऊन वर्षानुवर्षे बसलेले, शिक्षकभरती रखडलेली, खासगी संस्थांत नेमणुकीसाठी आधीच लाखांची मागणी होत असलेली, घरी म्हातारे आईवडील आणि लग्नाची बहीण. अशा तरुणाला कोणी येऊन सांगितले की येथे सगळेच देतात, तर त्याचा पाय घसरावा यात नवल नाही. त्याचे कृत्य यामुळे क्षम्य ठरत नाही. पण येथे सगळेच देतात हे वाक्य तो कोठे शिकला, असा प्रश्न मात्र उभा राहतो. आमचे उत्तर असे की, ते तो आपल्यासारख्यांच्या दिवाणखान्यांत शिकला.

सुशिक्षित मध्यमवर्गाने असत्याची एक सोवळी जात निर्माण केली आहे. घरभाड्याची सवलत मिळावी म्हणून न दिलेल्या भाड्याच्या पावत्या जोडल्या जातात. सदनिका घेताना किमतीचा एक भाग पांढरा आणि एक काळा, असा उल्लेख चारचौघांत हसत होतो. प्रकृती ठणठणीत असता आजारपणाचा दाखला मिळविला जातो आणि त्यावर सहलीचे बेत पार पडतात. दुर्बल घटकांतील मुलांसाठी कायद्याने राखून ठेवलेल्या शाळेतील जागेसाठी सुस्थित घरातून उत्पन्नाचा दाखला आणि भाडेकरार तयार करून आणला जातो. मुलाचा विज्ञानाचा प्रकल्प वडील पुरा करतात आणि वहीवर मुलगा आपले नाव घालतो. यांपैकी कोणीही स्वतःस लबाड समजत नाही. कारण या प्रत्येक गोष्टीला आपण गोंडस नाव दिले आहे. लाचेला चहापाणी म्हणतो, खोट्या दाखल्याला कागद करून घेणे म्हणतो, वशिल्याला ओळख म्हणतो, आणि या सर्वांवर कडी म्हणजे सेटिंग. ज्या भाषेत पापाला नाव उरत नाही त्या भाषेत पश्चात्तापही करता येत नाही. मोठ्यांच्या गप्पांतून हा शब्दकोश ऐकत वाढलेल्या मुलाला उद्या कोणी परीक्षेचे सेटिंग आहे असे सांगितले, तर तो शब्द त्याला परका वाटावा तरी कसा?

खोटी भाड्याची पावती आणि खोटे शिक्षक प्रमाणपत्र यांचे वजन सारखे आहे, असे आम्ही म्हणत नाही. दोहोंच्या परिणामांत मोठे अंतर आहे आणि कायद्यानेही ते मानावेच. परंतु दोहोंचा शिक्षणक्रम एकच आहे. त्यात इयत्ता तेवढ्या निराळ्या.

या शहरात निराळा शिक्षणक्रमही होऊन गेला, याची आठवण करून देणे आमचे कर्तव्य आहे. १८९७ साली फर्ग्युसन महाविद्यालयातील प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. तेथे असता त्यांना पुण्याहून मित्रांची पत्रे आली. प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांच्या तक्रारी त्यांत होत्या. त्यांवर विसंबून गोखल्यांनी त्या तक्रारी तेथे जाहीरपणे मांडल्या. मुंबई सरकारने इन्कार केला. गोखले परतले, पुरावा शोधू लागले. तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुढे येईना. गोखल्यांनी त्यांची नावे उघड केली नाहीत. जे सिद्ध करता येत नाही ते विधान मागे घेतलेच पाहिजे, असे मानून त्यांनी गव्हर्नरांची आणि सोल्जरांची बिनशर्त जाहीर माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना भित्रा म्हणून हिणविले.

त्या दिवसांतल्या जाचाच्या साऱ्याच कहाण्या खोट्या होत्या, असे कोणी म्हणणार नाही. घराघरांत शिरून होणाऱ्या झडत्यांनी पुणेकर किती पोळले होते, हा इतिहास आहे. म्हणूनच गोखल्यांच्या कृतीचे मोल अधिक. जे कदाचित खरेही असेल पण सिद्ध होत नव्हते, ते त्यांनी मागे घेतले. आणि आपण जे खोटे असल्याचे पक्के ठाऊक आहे त्यावर सही करतो. त्या माफीने त्यांची लोकप्रियता गेली. पण पुढे कायदेमंडळात अंदाजपत्रकावर ते बोलावयास उभे राहत तेव्हा त्यांनी दिलेला आकडा विरोधकांनाही गंभीरपणे घ्यावा लागे. शाळेसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिणाऱ्या या शिक्षकाचा आकडा लोकांनी मानला, कारण आकडा आणि माणूस यांत त्यांना तफावत दिसली नाही. १२ जून १९०५ रोजी याच शहरात त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हा सार्वजनिक जीवनास अध्यात्माची बैठक मिळावी हा त्यांचा आग्रह होता. ते अध्यात्म देवघरातले नव्हते. दिलेला शब्द, मांडलेला आकडा आणि केलेली सही यांच्या खरेपणातच ते वसत होते.

उपाय काय, असे वाचक विचारतील. कायदा हवाच. केंद्रीय परीक्षांतील गैरप्रकारांसाठी २०२४ साली संसदेने केलेल्या कायद्यात संघटित गुन्ह्यास दहा वर्षांपर्यंत कारावास आणि किमान एक कोटी रुपये दंड, अशी तरतूद आहे. आपल्या राज्यातही त्याच वर्षी त्या धर्तीवर विधेयक मांडले गेले. परीक्षेचे काम खासगी कंपनीच्या हाती सोपवून खात्याने डोळे मिटून बसावे, हा प्रकार बंद झाला पाहिजे. प्रत्येक उमेदवाराची उत्तरपत्रिका आणि त्याचे गुण एकाच वेळी त्याच्यापुढे आणि तपासणाऱ्या त्रयस्थापुढे आले, तर मधल्या अंधारात फेरफार करावयास जागा उरणार नाही. शिक्षकभरती नियमित झाली, तर तरुणांच्या हताशेवर दलालांचे दुकान चालणार नाही. शासनाने एवढे करणे अगत्याचे आहे, आणि ते करून घेण्यासाठी वृत्तपत्रांनी आणि नागरिकांनी त्याच्या मागे लागणेही अगत्याचे आहे.

पण कायदा फार तर चोराला पकडतो. चोरी करण्याची लाज तो निर्माण करू शकत नाही. ती घरात निर्माण होते. शासनाच्या राजमुद्रेखाली सत्याच्या विजयाचे उपनिषदातील बोधवाक्य आहे. त्याच मुद्रेखाली खोटा दाखला काढावयास आपण जातो, तेव्हा सोबत आलेले मूल ते वाक्य वाचत असते. आमची पालकांस एवढीच विनंती आहे की, मुलाच्या नावाने एकही खोटा कागद करू नये, मग त्यापायी चांगल्या शाळेतील जागा गेली तरी चालेल. हे सोपे नाही, आणि त्यात नुकसान होणार नाही असे खोटे आश्वासनही आम्ही देत नाही. सत्याने वागणाऱ्याचे नुकसान होते. ते सोसण्याची ज्या समाजात काही माणसांची तरी तयारी असते, त्या समाजात इतरांच्या सहीवर निश्चिंतपणे झोपता येते.

अशी माणसे आपल्यात नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. २०२० च्या त्या परीक्षेचा आकडा पुन्हा एकदा पाहावा. सव्वातीन लाखांहून अधिक उमेदवार नापास म्हणून जाहीर झाले. त्यांतील किती जणांपर्यंत दलालाचा निरोप पोहोचला असेल आणि किती जणांनी तो नाकारला असेल, याची नोंद कोठेही नाही. पण बहुसंख्य उमेदवार आपले खरे गुण घेऊन घरी गेले, शेजाऱ्यांचे टोमणे त्यांनी ऐकले, आणि पुढच्या परीक्षेचा अर्ज भरला. त्यांचा कोणी सत्कार केला नाही. नापासांचा सत्कार करण्याची आपल्यात रीत नाही. मात्र त्यांच्यापैकी जे पुढे उत्तीर्ण होऊन वर्गावर उभे राहिले असतील, त्यांच्याच हाती आपली मुले सोपविताना आम्हांस काळजी वाटणार नाही. पाटीवरून उत्तर उतरविणाऱ्या मुलाला जवळ घेऊन तो प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांनी गमावलेला नाही.